शिखर, समुद्र आणि होस्टेलचं आऊट-रजिस्टर

आमच्या होस्टेलच्या आऊट-रजिस्टरवर विश्वास ठेवायचा म्हटलं, तर जून ते सप्टेंबर या काळात दर शनिवारी बी विंगमधली निम्मी मुलं मावशीकडे जातात. कुणाची मावशी चिंचवडला, कुणाची कोथरूडला, आणि एकाला तर चक्क तीन गावांत तीन मावश्या आहेत. रविवारी रात्री हीच मुलं परत येतात तेव्हा बुटांना लाल माती लागलेली असते, पँट गुडघ्यावर फाटलेली असते आणि सॅकमधून ओल्या कपड्यांचा वास येत असतो. मावशीच्या घरी एवढा चिखल कसा, हे वॉचमन काका विचारत नाहीत. त्यांनाही सगळं माहीत आहे, रेक्टर सरांनाही माहीत आहे. फक्त रजिस्टरला माहीत नाही.

मित्रहो, या अंकासाठी साहसवीरांवर काहीतरी लिही असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा मलाही आधी एव्हरेस्टच सुचलं होतं. शिखरावर फडकणारा तिरंगा, बर्फाने पांढऱ्या झालेल्या भुवया, शेवटी ‘आपणही असं काहीतरी करूया’ असा एक परिच्छेद, की झालं काम! पण जसजसा विचार करत गेलो तसतसं वाटायला लागलं, की या मोठ्या माणसांकडून आपण होस्टेलवाल्यांनी जे शिकायला हवं ते शिखरावरच्या फोटोत नाहीच आहे. ते आहे त्या रजिस्टरमध्ये. कसं ते सांगतो.

आपल्या मेसमध्ये या विषयावर दोनच मतं ऐकू येतात. पहिलं मत मुलांचं, “काय जिगर आहे यार! नाहीतर आपण, सबमिशन आणि ओरल्समध्ये आयुष्य घालवतोय.” दुसरं मत साधारणपणे स्टाफच्या टेबलावरचं, “असले उद्योग करतातच कशाला? जिवावर उदार होऊन काय मिळतं? आईबापांचा तरी विचार करावा.” गंमत अशी, की दोन्ही बाजू एकाच गोष्टीवर सहमत आहेत. साहसी माणूस म्हणजे परिणामांचा विचार न करणारा माणूस, हे दोघांनीही धरून चाललंय. एकाला त्याचं कौतुक आहे, दुसऱ्याला राग, इतकाच काय तो फरक.

माझं म्हणणं असं, की दोघांचंही हे गृहीतक साफ चुकीचं आहे. आणि ते तपासायला आपल्याला फार लांब जायचीही गरज नाही, कारण या बाबतीत पुणं भलतंच श्रीमंत शहर आहे.

नावंच घ्यायची तर सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोचले. २००९ मध्ये कृष्णा पाटील ही पुण्याची मुलगी वयाच्या १९व्या वर्षी, म्हणजे आपल्यातले बरेच जण एम-थ्रीची केटी सोडवत असतात त्या वयात, त्याच शिखरावर उभी होती. १९८२ साली सुरू झालेल्या ‘गिरीप्रेमी’ या संस्थेच्या आठ जणांनी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली १९ मे २०१२ रोजी एव्हरेस्ट गाठलं. पुढे ल्होत्से, मकालू, चो ओयू, धौलागिरी, मनास्लू अशी शिखरं होत गेली. १५ मे २०१९ रोजी याच संस्थेचे दहा जण एकाच मोहिमेत ८५८६ मीटर उंचीच्या कांचनगंगावर पोचले आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये अन्नपूर्णा झालं, जे आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांमध्ये सगळ्यांत जीवघेण्यांपैकी एक मानलं जात आलंय.

डोंगर सोडून पाण्याकडे या. रोहन मोरे या पुण्याच्या जलतरणपटूने जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या आणि खाड्या पोहून पार केल्या. इंग्लिश खाडी, कॅटलिना, मोलोकाई, नॉर्थ चॅनेल, जिब्राल्टर, त्सुगारू आणि शेवटी ९ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी. हा ‘ओशन्स सेव्हन’चा टप्पा पूर्ण करणारा तो पहिला आशियाई. त्याच वर्षी निगडीची वेदांगी कुलकर्णी सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाली. वय २०. ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून जुलैमध्ये निघून सुमारे २९,००० किलोमीटर आणि १५९ दिवसांनी, डिसेंबरमध्ये, ती कोलकात्याला पोचली. वाटेत कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं. तरी गडी, म्हणजे बाई, थांबली नाही.

एवढी नावं घेतल्यावर टाळ्या वाजवून बसायचं नाही. यातल्या प्रत्येक मोहिमेत एक समान गोष्ट आहे, आणि ती बातम्यांमध्ये शेवटच्या ओळीतही येत नाही. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक माणूस बसलेला असतो, ज्याचं काम फक्त लिहिणं आणि वाट बघणं असतं.

रोहन मोरे पोहत असतो तेव्हा शेजारून एक बोट चालत असते. पोहणाऱ्याने त्या बोटीला हातही लावायचा नाही, लावला की पोहणं रद्द. पण बोटीवर निरीक्षक असतो. किती वाजता खाल्लं, हाताचे फटके किती पडताहेत, पाणी किती थंड आहे, माणूस नीट उत्तरं देतोय की बरळतोय, हे तो लिहून ठेवतो. ‘बास, आता बाहेर’ म्हणण्याचा अधिकारही पोहणाऱ्याकडे नसून बोटीवरच्या लोकांकडे असतो. थंडीने बधिर झालेल्या मेंदूला स्वतःची अवस्था कळत नाही, हे या खेळाने आधीच मान्य करून टाकलंय.

‘रॅम’ म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत घ्या. सुमारे ४,८०० किलोमीटर, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती २०१५ मध्ये दोघांच्या गटात पूर्ण केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. ‘एकट्याने’ म्हणायचं, पण मागे गाडी असते, गाडीत आठ-दहा माणसं असतात. कधी झोपवायचं, किती वेळाने उठवायचं, काय खायला घालायचं, हे ती माणसं ठरवतात. सायकलवाल्याने फक्त पायडल मारायचं.

आयर्नमॅनचंही तसंच. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं, आणि सगळ्याला मिळून साधारण १७ तास. वेळ संपली की संपली, मग तुम्ही शेवटच्या किलोमीटरवर का असेना.

एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. आठ हजार मीटरच्या वर शरीर सावरत नाही, फक्त झिजत जातं. म्हणून परत फिरायची वेळ आधी, खाली, डोकं ताळ्यावर असताना ठरवतात. अमुक वाजेपर्यंत शिखर आलं नाही, तर समोर दिसत असलं तरी मागे फिरायचं. १९९६ च्या मे महिन्यात काही जणांनी ही वेळ टळून जाऊ दिली आणि संध्याकाळच्या वादळात आठ माणसं गेली. २०१९ च्या मोसमात एव्हरेस्टवर लागलेली ती रांग फोटोत आपण सगळ्यांनी पाहिली. त्या मोसमात तिथे अकरा जण गेले आणि त्यात दोघं आपल्या महाराष्ट्राची होती. हे सगळे बेफिकीर होते असं मी मुळीच म्हणत नाही. डोंगर मोठा असतो, नियम पाळूनही माणूस जातो. पण नियम नसता तर किती गेले असते?

आपल्या भाषेत सांगायचं तर हा फॅक्टर ऑफ सेफ्टी आहे. मशीन डिझाईनच्या पेपरात आपण सगळे तो घेतो. शाफ्टवर नेमका किती भार येईल ते माहीत नाही, माल कसा निघेल ते माहीत नाही, म्हणून धरा दोन, धरा तीन. आपल्याला काय काय माहीत नाही याची प्रामाणिक कबुली, तीच आकड्यात मांडली की तिला फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतात. ‘काय होत नाही रे’ म्हणणारा माणूस शूर नसतो, त्याने फॅक्टर एक धरलेला असतो, इतकंच.

आता सगळ्यांत महत्त्वाचं उदाहरण. सागर परिक्रमा.

व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी हे नौदलातून निवृत्त होऊन फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे. भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे त्यांनी मनावर घेतलं. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. मला यातलं सगळ्यांत आवडतं ते हे, की दोंदे तयार होडीत जाऊन बसले नाहीत. ती बांधली जात असताना ते त्या कामात होते. भर समुद्रात एखादी गोष्ट तुटली तर ती कशी जोडली होती हे माहीत असावं म्हणून. (वर्कशॉपच्या जॉबवर दुसऱ्याचा नंबर खोडून आपला टाकणाऱ्यांनी इथे थोडा वेळ थांबावं.) १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून १९ मे २०१० ला ते परतले. वाटेत फक्त चार बंदरं घेतली. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच म्हादेईतून, एकाही बंदराला न लागता, प्रदक्षिणा पूर्ण केली.

हेच टॉमी २०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत उतरले. होडी गोव्यातच बांधलेली, ‘थुरिया’. या शर्यतीचा नियम मजेशीर आहे. १९६८ साली जी साधनं होती तीच वापरायची. दिशा काढायला जीपीएस नाही, सेक्स्टंट वापरा आणि तारे बघा. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने थुरिया उलटीपालटी केली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या मणक्याला जबर मार बसला, उठताही येईना. ऑस्ट्रेलियाचा किनारा तिथून तीन हजारांहून जास्त किलोमीटर लांब होता. त्या घटकेला इतका एकटा माणूस पृथ्वीवर क्वचितच कुणी असेल.

आणि तरी २४ सप्टेंबरला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, फ्रेंच मत्स्य-गस्ती जहाज ‘ओसिरिस’ तिथे पोचलं आणि त्यांना उचललं. आधी आपल्या नौदलाच्या विमानाने थुरिया शोधून काढली होती. हे जमलं कसं? कारण शर्यत कितीही जुन्या पद्धतीची असली तरी ‘माणूस कुठे आहे’ ही एक गोष्ट आयोजकांनी जुन्या जमान्यावर सोडली नव्हती. प्रत्येक होडीवर ठिकाण कळवणारं यंत्र होतं, संकटाचा संदेश पाठवायचं साधन होतं, आणि किनाऱ्यावर तो संदेश वाचायला माणूस जागा होता. टॉमींच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली, ते पुन्हा चालायला शिकले आणि २०२२ ची तीच शर्यत एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली.

आता यावर आपल्या होस्टेलचं उदाहरण ठेवून बघा. मागच्या पावसाळ्यात आपल्याकडची चार मुलं रविवारी रात्री परत आली नाहीत. रजिस्टरमध्ये लिहिलेलं, ‘मावशीकडे, चिंचवड’. फोन लागत नव्हते. विंगमध्ये एक म्हणत होता राजमाची, दुसरा म्हणत होता ढाक. रात्री साडेअकराला रेक्टर सरांनी एकाच्या घरी फोन लावला, तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये तिथेच उभा होतो. पलीकडून त्याच्या आईचा आवाज ऐकू आला, “अहो, तो तर होस्टेलवरच आहे ना?” सरांना पुढे काय बोलावं ते सुचेना. मलाही सुचलं नसतं.

मुलं सोमवारी दुपारी सापडली, किंवा खरं सांगायचं तर सापडवली गेली. एकाचा घोटा मोडला होता. पायथ्याच्या वाडीतल्या लोकांनी बांबूला चादर बांधून झोळी केली आणि त्याला निसरड्या वाटेने खाली आणलं. त्या लोकांची भाताची लावणी चालू होती. ती सोडून ते आले. पैसे घेतले नाहीत.

हिशोब मांडा. किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरवर, मोडलेल्या मणक्याने पडलेला माणूस नेमका कुठे आहे हे जगाला माहीत होतं. आणि पुण्यापासून शंभर किलोमीटरच्या आत, मोडलेल्या घोट्याने बसलेला आपला मुलगा कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्याला आपण वेडा साहसी म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणायचं?

यानंतर नोटीस लागली, ती सगळ्यांनी वाचलीच आहे. ट्रेकला जाण्यास सक्त मनाई, आढळल्यास टर्म ग्रँट होणार नाही. सरांची काळजी मला समजते. मनापासून समजते. त्या रात्री फोन त्यांना करावा लागला होता, आपल्याला नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर पालकांसमोर तेच उभे राहणार. दरवर्षी पावसाळ्यात जिल्हा प्रशासनही धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश काढतं, आणि त्यालाही कारण आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांतच माणगावजवळ कुंभे धबधब्यापाशी रील करताना एक तरुणी दरीत पडून गेली. या बातम्या वाचून ज्याला भीती वाटत नाही त्याने रेक्टर होऊच नये.

पण सर, नोटिशीचा परिणाम काय झाला ते विचारा. ट्रेक बंद झाले का? छे! मावश्या बंद झाल्या. आता रजिस्टरमध्ये लग्नं असतात. चातुर्मासातही! म्हणजे जायचं ते जातातच, फक्त आता जास्त चांगलं खोटं बोलून जातात. आधी निदान विंगमधल्या एकाला खरं ठिकाण सांगून जायचे, आता तेही सांगत नाहीत, कारण कुणीतरी चहाडी करेल. मनाईने डोंगर कमी धोक्याचा झाला नाही. आपण फक्त किनाऱ्यावरचा तो जागा माणूस काढून टाकला.

यावर स्टाफरूममधून एक आक्षेप येतो तो मला ठाऊक आहे. ‘आम्ही नोंद घेतली म्हणजे आम्ही परवानगी दिली असं होतं, मग जबाबदारी आमच्यावर.’ कायद्याच्या अंगाने हा मुद्दा अगदीच फुसका नाही. पण ज्या घरात रात्री साडेअकराला फोन जातो, त्या घराला ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे उत्तर पुरतं का? न कळणं हा बचाव कागदावर चालेल, त्या आईसमोर चालणार नाही.

आता मुलांच्या बाजूलाही थोडं बोलतो, नाहीतर हा लेख म्हणजे मॅनेजमेंटला दिलेलं निवेदन होईल.

आपलं खोटं आपल्यालाच महाग पडतं असं आपण समजतो. तसं नसतं. सह्याद्रीत कुणी अडकलं की लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांची मुलं रात्री-अपरात्री दोर घेऊन निघतात. दिवसा नोकरी-धंदा करणारी माणसं आहेत ती. धुक्यात, पावसात, शेवाळलेल्या कातळावरून ती दरीत उतरतात. शोधायची जागा एक असेल तर धोका एकदा. ‘राजमाची असेल नाहीतर ढाक’ असं असेल तर धोका दुप्पट, आणि तो त्यांच्या जिवाला. एव्हरेस्टवरही तेच. १८ एप्रिल २०१४ ला खुंबूच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार गेले. ते शिखरावर निघालेच नव्हते, दुसऱ्यांच्या मोहिमेसाठी सामान वाहत आणि वाट तयार करत होते. साहस एकाचं असतं, पण भार पुष्कळदा दुसऱ्याच्या पाठीवर असतो. म्हणून तर आपण कुठे चाललोय ते खरं सांगणं ही त्या दुसऱ्या माणसाची किमान भरपाई आहे.

आणि खरेपणाची गोष्ट निघालीच आहे तर अजून एक. २०१६ मध्ये पुणे पोलिस दलातल्या एका जोडप्याने एव्हरेस्ट सर केल्याचं जाहीर केलं. सत्कारही झाले. मग पुण्यातल्याच गिर्यारोहकांनी फोटो बारकाईने पाहिले आणि शंका घेतली. फोटो दुसऱ्याच गिर्यारोहकाचे, त्यात फेरफार केलेला. नेपाळ सरकारने दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली आणि पुढे नोकरीही गेली. लक्षात घ्या, या खेळात अंपायर नसतो. वर कुणीच बघायला नसतं, म्हणून माणसाच्या शब्दाला किंमत असते. शब्द गेला की शिखरही जातं. जो मुलगा जाताना खोटं लिहून जातो आणि आल्यावर फोटो टाकून मिरवतो, त्याने अर्ध्या वाटेवर स्वतःच स्वतःचं शिखर खाली आणलेलं असतं.

सह्याद्री लहान आहे, असाही आपला एक गोड गैरसमज आहे. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या पाचव्या हिश्शाएवढं. खरंय. पण बेसॉल्टचा कातळ पावसात साबण होतो. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेला लागतो. धुक्यात वाट आणि ढोरवाट सारखीच दिसते. आग्या मोहोळ उठलं की तुमची जिगर त्याला कळत नाही. एप्रिल-मे महिन्यात पाण्याची टाकी कोरडी असतात आणि माणूस उन्हाने पडतो. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंत गेले. सह्याद्रीत आयुष्य घालवलेला, असंख्य मोहिमा केलेला माणूस. त्यांच्यासारख्याला जो कडा सोडत नाही, तो पहिल्यांदाच फ्लोटर्स घालून आलेल्या एफई-वाल्याला सवलत देईल का?

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. रेक्टर सर, जिमखाना आणि आपण सगळे, तिघांनाही लागू.

पहिली, रजिस्टर दोन करा. एक परवानगीचं, ते आहे तसं राहू दे. दुसरं फक्त माहितीचं. त्यात रकाने इतकेच: कुठे, कोणत्या वाटेने, सोबत कोण, परत केव्हा, आणि पायथ्याच्या गावातल्या एखाद्या घराचा किंवा हॉटेलचा फोन. त्यात खरं लिहिल्याबद्दल शिक्षा नाही. खोटं लिहिल्याबद्दल मात्र जरूर करा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

दुसरी, परत यायची वेळ ठरली की ती टळल्यावर कुणी कुणाला फोन करायचा हे आधीच लिहून ठेवा. रविवारी रात्री दहा म्हणजे दहा. अकराला कॉरिडॉरमध्ये जमून अंदाज लढवायचे नाहीत.

तिसरी, जिमखान्याच्या पैशातून दरवर्षी जूनच्या आधी दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या. पुण्यात ‘गिरीप्रेमी’ची प्रशिक्षण संस्था आहे, शिकवणारे जाणकार आहेत. आपण कॉलेजच्या गॅदरिंगला साऊंड सिस्टिमवर जितका खर्च करतो त्याच्या एका कोपऱ्यात हे बसेल. प्रथमोपचार, दिशा ओळखणं, ओढा कधी ओलांडायचा आणि कधी नाही, जखमी माणसाला कसं हलवायचं आणि मुख्य म्हणजे कसं हलवायचं नाही, एवढं आलं तरी पुरे.

चौथी, परत फिरून आलेल्यांची चेष्टा बंद. ‘अरे, अर्ध्यातून आले शेपूट घालून!’ हे वाक्य आपल्या मेसमध्ये फार ऐकू येतं. हिमालयातल्या मोठमोठ्या मोहिमा शिखर समोर दिसत असताना परत फिरतात, आणि जाणकार त्यांना नेता म्हणतात. गड कुठे पळून जात नाही. पुढच्या शनिवारी तिथेच असतो.

पाचवी सूचना स्टाफसाठी, थोडी धीट आहे. तुमच्यातलेही काही जण दर रविवारी पहाटे सिंहगड चढता, आम्ही बघतो. वर्षातून एकदा आमच्याबरोबर चला. पिठलं-भाकरी आमच्याकडून.

हे सगळं केल्यावरही अपघात होणारच नाहीत अशी हमी मी देऊ शकत नाही. कुणीच देऊ शकत नाही. पण अपघात झाला तर शोधायला कुठे जायचं हे माहीत असेल, आणि तेवढ्याने कुणाचातरी जीव वाचू शकतो. टॉमींचा वाचला. वाडीतल्या लोकांना योगायोगाने आवाज गेला म्हणून आपल्या मुलाचा घोट्यावर निभावला. दर वेळी योगायोगाच्या भरवशावर बसायचं का, हे आपण ठरवायचंय.

येत्या जूनच्या आधी ते दुसरं रजिस्टर गेटवर आलं, तर पहिली नोंद कुणी करायची यावरून बी विंगमध्ये भांडण होईल, याची खात्री मी देतो.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)